टेलिस्कोप नंतर, आधी भिंतीवरचं कॅलेंडर

डोंबिवलीच्या एका आईने विचारलंय: ‘मुलगा तिसरीत आहे, जानेवारीत नऊ वर्षांचा होईल. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध प्यायला गेलो, तेव्हापासून रोज चंद्र बघायला वर चल म्हणून मागे लागतो. वाढदिवसाला टेलिस्कोप हवाय. आम्हा दोघांनाही सप्तर्षींपलीकडे काही ओळखता येत नाही, आणि इथल्या दिव्यांत तारे तरी कुठे दिसतात? कोणता टेलिस्कोप घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?’

ताई, टेलिस्कोप घेऊ नका. निदान या जानेवारीत तरी नको.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या गच्चीवर, आश्रमशाळांच्या पटांगणात, सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांशेजारी मुलांना आकाश दाखवायचा उद्योग तीसेक वर्षं केला, अजूनही करते. या काळात लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले टेलिस्कोप इतके पाहिलेत की त्यांची गोष्ट तोंडपाठ झालीय. पहिल्या रात्री धडपडत का होईना, चंद्र सापडतो. दुसऱ्या रात्री सापडत नाही, कारण तिपाई हलते. तिसऱ्या रात्री समोरच्या इमारतीतल्या खिडक्या बघून होतात. चौथ्या दिवशी परीक्षा सुरू होते, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कुणाला त्याची आठवण येत नाही.

खोक्यावर ‘५२५ पट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. आतली पुढची काच असते पन्नास-साठ मिलिमीटरची. कामचलाऊ हिशेब असा की काच जेवढ्या मिलिमीटरची, त्याच्या दुप्पट पटींपर्यंतच चित्र बरं दिसतं. म्हणजे साठ मिलिमीटरला फार तर एकशे वीस पट. त्यापुढे नुसता मोठा झालेला धूसरपणा. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूजवळचे चंद्र पाहिले तेव्हा त्याची दुर्बीण साधारण वीस पटींची होती. म्हणून खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका.

पण माझं खरं म्हणणं दुर्बिणीच्या दर्जाबद्दल नाही. एकदा एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शनी दाखवत होते. मुलांची रांग लागलेली, थंडी मरणाची. एकेक मूल डोळा लावायचं, मी विचारायचे ‘दिसला?’, ते म्हणायचं ‘दिसला बाई’. अकरा मुलं गेली. बारावी एक बुटकी मुलगी, डोळा लावून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, अंधार आहे नुसता.’ मी बघितलं, तर मघाशी पोरं दवाने काच ओली होईल म्हणाली तेव्हा पुढचं झाकण लावलं होतं, ते तसंच राहिलेलं. म्हणजे अकरा मुलांनी झाकणाच्या आतला शनी पाहिला होता.

त्या रात्रीपासून मी ‘दिसला का?’ हा प्रश्न टाकून दिला. मुलांना मोठ्यांचं मन राखायचं असतं, आणि मागे रांग असली की ती काहीही बघायला तयार असतात. आता मी कागद-पेन्सिल देते आणि ‘काय दिसलं ते काढ’ म्हणते. त्याहून चांगलं म्हणजे आधीच विचारते, ‘काय दिसेल असं वाटतं?’ मूल आकाशात अडकतं ते कुणी काही दाखवलं म्हणून नाही, स्वतःचा अंदाज खरा ठरला त्या संध्याकाळी. आणि अंदाज बांधायला चंद्रासारखा सोबती नाही. रोज थोडा बदलतो, पण नियम सोडत नाही.

त्यासाठी लागणारं उपकरण तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. तिथी आणि नक्षत्र छापलेलं मराठी कॅलेंडर. मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब असला तरी चालेल.

दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा भाऊबिजेला सुरुवात करा. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, अमावास्येनंतर चंद्राची कोर पहिल्यांदा नीट दिसण्याचा दिवस. भाऊ नसेल तर चंद्राला ओवाळायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी कोर शोधणाऱ्या बायका तुम्हाला एरवीही गच्चीवर भेटतील. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने नैर्ऋत्येकडे बघा, क्षितिजापासून मूठभर वर. मूठभर म्हणजे अक्षरशः. हात ताठ पुढे करून वळलेली मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. लहान मुलाची मूठ लहान, पण त्याचा हातही आखूड, म्हणून त्याच्याही मुठीत दहाच अंश येतात. हे त्याला सांगा, मुलांना फार आवडतं. ढग किंवा इमारत आड आली तर तृतीयेपासून सुरू करा, काही बिघडत नाही.

कोरीच्या आतला उरलेला गोल मंद राखाडी दिसतोय का, हे विचारा. तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश आहे. आपल्या समुद्रांवरून आणि ढगांवरून उजेड चंद्रावर जातो आणि तिथून परत आपल्या डोळ्यांत येतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. कळत नाही ते आपल्याला वाटतं.

आता एक आडवा ड्रॉइंगचा कागद घ्या. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभं राहून दक्षिण-पश्चिमेकडची क्षितिजरेषा त्याला काढू दे. टाकी, टॉवर, नारळाचं झाड, मोबाइलचा मनोरा, जे असेल ते. रोज संध्याकाळी पावणेसातला, त्याच जागेवरून, चंद्र जिथे असेल तिथे त्याच्या आकारासकट काढायचा आणि खाली तिथी लिहायची. वर जाण्याआधी घरातच कागदावर पेन्सिलीने एक ठिपका काढायला लावा: आज चंद्र कुठे असेल?

पहिले दोन-तीन दिवस ठिपका चुकेल, आणि कसा चुकेल तेही सांगते. कालच्या जागेच्या खाली, पश्चिमेकडे. कारण काल त्याने चंद्र खाली जाताना पाहिलाय, मग आज तो आणखी खाली असणार, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबाला हसू नका, तो चांगलाच आहे. वर गेल्यावर चंद्र भलतीकडेच असतो, कालच्यापेक्षा वर आणि डावीकडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपका डावीकडे सरकतो. षष्ठी-सप्तमीला तो म्हणतो, ‘रोज सव्वा मूठ सरकतो आई.’ बरोबर आहे. चंद्र ताऱ्यांच्या मधून रोज साधारण तेरा अंश पूर्वेला जातो. तुम्ही यातलं काहीही आधी सांगू नका, अगदी जीभ चावून गप्प बसा. शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं, आईलाही जाईल.

याच दिवसांत आणखी एक खेळ. अष्टमीच्या आसपास दुपारी चार-साडेचारला सूर्य पश्चिमेकडे असतो आणि चंद्रही आकाशात असतो, दुसऱ्या बाजूला. (चंद्र दिवसाही दिसतो हीच पुष्कळ मुलांना बातमी असते. काही पालकांनाही.) मुलाला उन्हात उभं करा. एक हात सूर्याच्या दिशेने, सूर्याकडे न बघता, आणि दुसरा हात चंद्राकडे. दोन हातांत काटकोन होतो. मग सुईला टोचलेलं लिंबू त्याला चंद्राच्या शेजारी, हात लांब करून धरायला सांगा. लिंबाचा जेवढा भाग उन्हात उजळलेला दिसतो, चंद्राचाही बरोबर तेवढाच आणि त्याच बाजूचा. हे पाहून एक मुलगा माझ्यावर चिडला होता. त्याला वाटलं मी लिंबाला काहीतरी लावून आणलंय.

हा खेळ मी आग्रहाने सांगते, कारण चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं शिकलेसवरलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. तुम्हालाही तसं वाटत असेल तर लाजू नका, तुम्ही एकट्या नाही. पृथ्वीची सावली पडते सूर्याच्या नेमकी उलट दिशेला. अष्टमीचा चंद्र सूर्यापासून काटकोनात असतो, त्याच्यापर्यंत सावली पोचणारच कशी? सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि ग्रहण पौर्णिमेलाच होतं. भाऊबिजेला मुलाचे दोन्ही हात जवळजवळ एकत्र होते, अष्टमीला काटकोन झाला, पौर्णिमेला एक हात मावळत्या सूर्याकडे तर दुसरा उगवत्या चंद्राकडे, सरळ रेषेत. हातांमधला कोन वाढला की चंद्राचा उजळ भाग वाढतो, हे ज्या मुलाने पंधरा दिवस हात पसरून अनुभवलं त्याला पुस्तकातली आकृती समजावून सांगावी लागत नाही.

नवमी-दशमीपासून चंद्र तुमच्या कागदाच्या डाव्या कडेच्या बाहेर जाईल, पूर्वेकडे. दुसरा कागद जोडा. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला, चंद्रावरचे डाग बघायचे. ‘ससा दिसतो का?’ असं विचारू नका. ‘काय दिसतंय?’ एवढंच. ससा म्हणणारे शशांक म्हणाले, हरीण म्हणणारे मृगांक म्हणाले, तुमचा मुलगा आणखी काही म्हणेल. एका मुलीला तिथे पंक्चर काढणारा माणूस दिसला होता, आणि तिने दाखवल्यापासून मलाही तोच दिसतो. ससाच धरायचा तर गंमत अशी की उगवताना त्याचे कान वरच्या बाजूला असतात आणि पहाटे मावळताना खाली. रात्रभरात ससा कोलांटी मारतो. पहाटे कुणाला तरी जाग आलीच तर बघून घ्या.

पौर्णिमेनंतर तुमच्याकडे रडारड होण्याची शक्यता आहे. पावणेसातला चंद्र नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ‘हरवला’ असं कागदावर लिहू द्या. मग कॅलेंडर काढा. चार दिवसांनी संकष्टी आहे, आणि त्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली आहे. आजी उपास सोडायला ज्या वेळेची वाट बघते तीच. त्या दिवशी दहा मिनिटं आधी सगळे वर जा आणि घड्याळ लावून वाट बघा. तुमच्या पूर्वेला इमारती आहेत आणि मलंगगडाकडची डोंगररांग, त्यामुळे छापील वेळेपेक्षा चंद्र उशिरा दिसेल. का उशीर झाला, हे त्याला शोधू द्या. मी पाहिलंय, छापलेल्या वेळेला चंद्र खरोखर येतो यात मुलांना जादूपेक्षा मोठी मौज वाटते. कुणीतरी हे आधी मोजून ठेवलंय! पौर्णिमेच्या संध्याकाळच्या वेळेपासून संकष्टीच्या वेळेपर्यंत किती मिनिटं वाढली, भागिले चार. पन्नासच्या आसपास काहीतरी येतं, कधी थोडं कमी, कधी जास्त. तिसरीतल्या भागाकाराला याहून बरं गणित मला तरी माहीत नाही.

मग वद्य अष्टमीला सकाळी शाळेत जाताना डोक्यावर, किंचित पश्चिमेला अर्धा चंद्र असतो. रिक्षातून मान बाहेर न काढता बघायला सांगा. हरवलेला चंद्र सापडला. तो इतके दिवस सकाळच्या पाळीला होता.

एका महिन्याचं काम झालं. खर्च दोन ड्रॉइंगचे कागद आणि एक लिंबू.

आता तारे. ‘सप्तर्षींपलीकडे काही येत नाही’ असं तुम्ही म्हणता, आणि दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी दिसतही नाहीत, म्हणजे तुमची पाटी अगदी कोरी आहे. उत्तम. त्याच्यासोबत शिका. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. त्यांना ज्ञान कमी नव्हतं, तरी त्यांना मुलाकडून हवा होता तो प्रश्न. तुम्ही एक वही करा, तिच्यात त्याचे प्रश्न तारखेसह लिहा, आणि ज्याचं उत्तर येत नाही त्यापुढे जागा मोकळी सोडा.

डोंबिवलीतून किती तारे दिसतात? थोडेच. आणि नवशिक्याला ते बरं असतं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. गडद आकाशात पहिल्यांदा गेलेलं मूल गांगरून जातं, नेहमीचा मृगसुद्धा त्या गर्दीत हरवतो. शहरात फक्त ठळक तारे उरतात, जसं शाळेच्या नकाशात फक्त मोठी शहरं. ते पंधरा-वीस तारे नावानिशी ओळखता आले की मग काळोखात न्यायचं.

कुठले तारे घ्यायचे, हेही कॅलेंडरच सांगेल. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात नक्षत्राचं नाव असतं. रोहिणी, मृग, आर्द्रा. ते त्या दिवशी चंद्र कुठे आहे ते सांगतं. चंद्र सत्तावीस दिवसांत आकाशाची फेरी करतो, म्हणून वाटेचे सत्तावीस टप्पे, रोज एक. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या आणि त्याचा जीव जडला एकट्या रोहिणीवर, ही गोष्ट आजीला येत असेल तर आजीलाच सांगू द्या. कॅलेंडरात रोहिणी असेल त्या रात्री चंद्राच्या आसपास एक तांबूस ठळक तारा शोधा. चंद्राचा उजेड डोळ्यांत येत असेल तर त्याच्यावर अंगठा धरायचा. टप्पे सारख्या लांबीचे आहेत आणि तारे काही सारख्या अंतरावर नाहीत, म्हणून तारा कधी अगदी जवळ असेल, कधी जरा दूर.

महिन्यांची नावंही याच हिशेबातली. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ, पौषात पुष्याजवळ, माघात मघेजवळ. चैत्रात चित्रा. मुलाची पत्रिका केलेली असेल तर त्याचं जन्मनक्षत्र कोणतं ते काढा. भविष्य वगैरे मी मानत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण जन्मनक्षत्र म्हणजे तो जन्मला तेव्हा चंद्र आकाशात ज्या टप्प्यात होता ती जागा, आणि चंद्र दर सत्तावीस दिवसांनी तिथे परत येतो, हे मात्र खरं. मुलाला आकाशात स्वतःचा एक कोपरा मिळतो. वर्गातली मुलं एकमेकांची नक्षत्रं शोधायला लागली, की मला उठून काही करावं लागत नसे.

मृग तर शिकायलाच हवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-साडेआठला पूर्वेकडे तीन तारे एका ओळीत. हा व्याधाने मारलेला बाण, खेड्यात तिकांडं. बाणाभोवतीचे चार तारे हरणाचे पाय. बाणाची रेघ खाली वाढवली की सगळ्या आकाशात ठळक तारा, तो व्याध. तीच रेघ वरच्या बाजूला वाढवली तर रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिकांचा घोस. कृत्तिका किती दिसतात ते मोजायला लावा. थेट बघण्यापेक्षा नजर जराशी बाजूला ठेवली की एखादी जास्त दिसते, कारण डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग अंधारात अधिक तल्लख असतो. माझ्या डोळ्यांना आता पाच दिसतात. मुलं सात सांगतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

यातच एक कोडं दडलंय. जूनच्या ७-८ तारखेला सगळे म्हणतात ‘मृग लागला’, पेरण्यांची लगबग सुरू होते, कॅलेंडरात नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस तेही छापतात. मग जूनमध्ये मृग आकाशात दिसत का नाही? ढग आहेत म्हणून? ढग नसते तरी दिसला नसता. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला, म्हणजे ते तारे दिवसा, सूर्याच्या सोबत, आपल्या डोक्यावरून जातायत. चंद्राचं नक्षत्र रोज बदलतं, सूर्याचं साधारण तेरा-चौदा दिवसांनी. हे कोडं जानेवारीत घाला आणि उत्तर जूनपर्यंत देऊ नका.

सप्तर्षी नसताना ध्रुव कसा शोधायचा, असं विचाराल तर हिवाळ्यात शर्मिष्ठा उत्तरेला असते, इंग्रजी एम अक्षरासारखी, तिच्या खाली. ध्रुव क्षितिजापासून जेवढा वर, तेवढे तुमच्या गावाचे अक्षांश. डोंबिवलीत एकोणीस, म्हणजे दोन मुठींना जरा कमी. गोव्यात मामाकडे गेलात तर दीड मूठ. फरक थोडा आहे, पण सुट्टीत मोजून बघण्याजोगा. आणि मार्च-एप्रिलमध्ये सप्तर्षी वर आले की त्यांना ऋषीच म्हणायला हवं असं नाही. विदर्भातले गोंड लोक त्या चौकोनाला म्हातारीची खाट म्हणतात आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना ती पळवायला आलेले चोर. शहरातल्या मुलांना सात ऋषींची नावं राहत नाहीत, चोर मात्र एकदा सांगितले की पुरतात.

होळी-पाडव्याच्या सुमाराला पुन्हा द्वितीया-तृतीयेची कोर बघा आणि भाऊबिजेच्या चित्राशेजारी ठेवा. भाऊबिजेची कोर एका कुशीवर कललेली होती, ही मात्र होडीसारखी जवळजवळ आडवी. चंद्राची वाट शरद ऋतूत संध्याकाळी क्षितिजाला तिरकी असते आणि वसंतात आपल्याकडे जवळजवळ उभी, म्हणून. पहिल्या कागदाचा खरा उपयोग इथे होतो, तो जपून ठेवा.

काळोखाची सहल हिवाळ्यात एकदा, अमावास्येच्या आसपास. तुम्हाला फार लांब जायला नको. कर्जतच्या गाडीने बदलापूरच्या पुढे वांगणी आहे, मुंबईचे हौशी लोक कैक वर्षं तिथे रात्र जागवायला जातात, खगोल मंडळाचे कार्यक्रमही तिथे होतात. पुण्याकडच्या वाचकांना ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची. नागपूरकडच्यांना पेंच, तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. कुठेही गेलात तरी डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती सगळी वाया जातात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद रबराने लावा. सतरंजी, कानटोपी, ओडोमॉस, आणि खायला काहीतरी कुरकुरीत. झोप आली तर झोपू द्या. अर्ध्या रात्री उठवून दाखवलेलं आकाश मुलांना लक्षात राहतं ते फक्त चिडचिडीमुळे.

मोबाइलवरच्या आकाशाच्या अ‍ॅपबद्दल विचाराल म्हणून सांगते: तुम्ही वापरा, त्याला देऊ नका. म्हणजे दुपारी, घरात, तुमची तयारी म्हणून. गच्चीवर तो पडद्याकडे बघत राहील आणि तारा मान्य करायचा की नाही हे मोबाइलला विचारेल.

वर्षभर हे टिकलं तर पुढच्या दिवाळीत काहीतरी घ्या, पण तेही टेलिस्कोप नको, द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात, पहिला पटींचा, दुसरा पुढच्या काचेच्या मिलिमीटरचा. दहाहून जास्त पटींची हातात धरवत नाही, चित्र थरथरतं. लहान मुलासाठी आणखी एक अडचण असते ती दुकानदार सांगत नाही. मुलाचे डोळे एकमेकांच्या जवळ असतात आणि मोठी द्विनेत्री तेवढी मिटत नाही. म्हणून त्याला दुकानात न्या, पूर्ण मिटवून डोळ्यांना लावायला द्या, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसलं तरच घ्या. नाही दिसलं तर ८×४० सारखी लहान बघा, वजनालाही बरी. कठड्यावर कोपरं टेकून किंवा सतरंजीवर पाठीवर पडून चंद्राची विवरं दिसतात, कृत्तिकांचे डझनभर तारे होतात, हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्रही. चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा सूर्य त्याच्यावर समोरून पडतो आणि सगळं सपाट दिसतं. षष्ठी ते अष्टमी बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. आणि ही द्विनेत्री दिवसा कुलपात. सूर्याकडे तिच्यातून क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. या एका बाबतीत मी मुलांना अंदाज बांधू देत नाही, सरळ दम देते.

राहिला जानेवारीतला वाढदिवस. केक कापून झाला की साडेआठच्या सुमाराला त्याला वर न्या आणि आग्नेयेकडे तोंड करून उभं करा. दोन-तीन मुठी वर व्याध लखलखत असेल, रंग बदलल्यासारखा लुकलुकत. तो आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज त्याच्या डोळ्यांत शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता, नुकता पालथा पडायला लागला असेल. त्या दिवसांतला त्याचा एखादा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. या एका वेळेला मोबाइल चालेल. पुढच्या वाढदिवसांना प्रश्वन तारा आहे, साडेअकरा प्रकाशवर्षांवरचा. मग श्रवण, पावणेसतरा. पंचविशीला अभिजित, आणि तोवर लग्नाचं बघायला लागला असेल.

गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून आधीच मागून ठेवा, आणि टाकीजवळचा तो मोठा दिवा अर्धा तास बंद ठेवायला वॉचमनला सांगा. केकचा तुकडा पाठवलात तर नाही म्हणणार नाही.